तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगा खेळणार कधी?

मेलबर्नमधल्या मराठी घरांत फूटीचं, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, वर्ष सणांवर मोजतात. दिवाळीच्या फराळाला प्रश्न असतो, "यंदाच्या ड्राफ्टमध्ये डीमन्स कोणाला उचलणार?" (डीमन्स म्हणजे आपला मेलबर्नचा क्लब, ड्राफ्ट म्हणजे क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो.) पाडव्याला श्रीखंडाची वाटी हातात असते आणि प्रश्न येतो, "तो नवा पोरगा खेळणार कधी?" गणपतीत आरतीच्या आधीच निकाल लागलेला असतो, "फुकट गेला." अठरा वर्षांचं पोरगं, दहा महिन्यांत फुकट. पहिला आणि शेवटचा मी हसून सोडून देतो. मधल्याचं उत्तर एकदाचं लिहून टाकतो.

पोराचं नाव घेत नाही. नाव दरवर्षी बदलतं, प्रश्न बदलत नाही.

तुम्ही मला नकारघंटा म्हणता हे माहीत आहे. ड्राफ्टच्या रात्री तुम्ही दोन मिनिटांची क्लिप पाठवता आणि मी नुसता अंगठा दाखवतो, त्याचा तुम्हाला राग येतो. पण त्या क्लिपमध्ये असतं काय? वर्षभरातले पंचवीस-तीस उत्तम क्षण. समोर त्याच्याच वयाची मुलं, तीही कदाचित लहान, कारण ड्राफ्टच्या वर्षाची सीमा 31 डिसेंबर आहे. जानेवारीतला आणि डिसेंबरमधला एकाच वर्गात मोजले जातात आणि त्या वयात अकरा महिन्यांत खांदे केवढे भरतात हे घरात मुलगा असणाऱ्यांना सांगायला नको. मार्क, म्हणजे किकवरचा झेल, घेतलेला दिसतो, सुटलेले सहा दिसत नाहीत. चेंडू हातातून गेल्यावर तो उलटा पळाला की कमरेवर हात ठेवून उभा राहिला, हे तर कधीच दिसत नाही. मला तेवढंच बघायचं असतं.

कम्बाइनच्या, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांच्या, आकड्यांचंही तसंच. 20 मीटर धाव, उभ्याने उडी, पळत येऊन उडी, 2 किलोमीटर. दोन किलोमीटर 6 मिनिटांच्या आसपास काढले की तुम्ही खूश. काढावेत, चांगलीच गोष्ट आहे. पण फूटीत एका दमात कोणी पळत नाही. पळा, आदळा, उठा, पुन्हा पळा, असं चार क्वार्टर, आणि घड्याळ थांबत थांबत प्रत्येक क्वार्टर अर्ध्या तासाच्या घरात जातो. आदळल्यानंतरची धाव या आकड्यांत कुठेच नसते.

मग हुकमाचा एक्का निघतो: "सचिन सोळाव्या वर्षी कराचीत खेळलाच ना?" खेळला, नोव्हेंबर 1989. पण त्याआधीच्या मोसमात मुंबईकडून रणजीत पदार्पणातच शतक ठोकलं होतं, आणि त्याच्याही आधी मैदानांवर बाप्यांचे चेंडू अंगावर घेतले होते. आपली पोरं आधी केसीला, म्हणजे आपल्या खालच्या संघात, बाप्यांत खेळून तयार होतात. कसोटीआधी त्याची केसी होऊन गेली होती. शिवाय वकारचा चेंडू कितीही लागला तरी एकाच जागी लागतो. बॅट खाली ठेवताना शंभर किलोचे तीन जण एकदम अंगावर येत नाहीत.

तीन जण अंगावर येतात म्हटलं की जॅक वॉट्सवर यावंच लागतं. तुम्हाला गोष्ट पाठ आहे, पण अर्धीच.

2008 मध्ये आपण तळाला होतो, तीन सामने जिंकलेले. तळाचा संघ आधी निवडतो, म्हणून ड्राफ्टमधला पहिला पिक, म्हणजे निवडीची पहिली पाळी, आपली. निक नायटानुई समोर असताना आपण वॉट्सला घेतलं: उंच, पळायला हरणासारखा, दोन्ही पायांनी किक मारणारा फॉरवर्ड. नायटानुई दुसऱ्या पिकला वेस्ट कोस्टकडे गेला. वॉट्स अजून बारावीत होता. म्हणजे बाकीचे नोव्हेंबरपासून पूर्णवेळ घाम गाळत होते आणि हा शाळा सांभाळून सरावाला येत होता. आणि आपण त्याला पहिल्यांदा उतरवला कधी? 8 जून 2009, सोमवार, राणीच्या वाढदिवसाची सुट्टी, एमसीजी, समोर कॉलिंगवुड. वर्षभरात आपल्यासाठी सगळ्यात मोठी गर्दी ज्या दिवशी होते, तो दिवस.

पहिल्यांदा चेंडू त्याच्या हाती आला तो क्षण आठवा. चेंडू घेऊन वळायच्या आत कॉलिंगवुडचे तीन जण त्याच्यावर. पकडला, फिरवला, जमिनीवर आपटला. नियमात बसणारा टॅकल होता, तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. त्यांनी ठरवून केलं असेल तर त्यांच्या जागी आपणही तेच केलं असतं. ज्याच्या नावाने आठवडाभर ढोल वाजलेत त्याचं स्वागत असंच होतं. स्टँडमध्ये अर्धे लोक आनंदाने ओरडले, आपले अर्धे गप्प झाले.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि निष्कर्ष काढतात की पोरगा कोवळा होता. आता पुढचं अर्धं. उंच फॉरवर्डच्या अंगावर तीन जण कधी येतात? चेंडू उंच आणि सावकाश आत येतो तेव्हा. मिडफिल्डमध्ये आपला माणूस दबावाखाली, मान वर करायला वेळ नाही, तो नुसता पुढे भिरकावतो. चेंडू हवेत लोंबकळतो तेवढ्यात बचावाचे दोन जण आपापली माणसं सोडून तिथे पोचतात. हाच चेंडू छातीच्या उंचीने, धावणाऱ्याच्या पुढे दोन पावलं पडला, तर बचाववाला एकटाच मागे धावत राहतो. 2009 च्या आपल्या मिडफिल्डकडून तसा चेंडू येण्याचं प्रमाण किती होतं ते तुम्हीच सांगा. वर डेव्हिड नाइत्झ 2008 मध्येच निवृत्त झालेला. विरोधी संघाचा पहिल्या नंबरचा बचाववाला अंगावर ओढून घेणारा तसा दांडगा माणूस पुढे उरलाच नव्हता. उंच पोराला पहिल्या दोन वर्षांत तिसरा उंच म्हणून खेळवतात, म्हणजे त्याच्या वाट्याला त्यांचा तिसऱ्या नंबरचा बचाववाला येतो. आपल्याकडे पहिला आणि दुसरा कोण होते?

तेव्हा "खेळवा त्याला, पाण्यात ढकलल्याशिवाय पोहायला येत नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांत मी होतो. हे लपवत नाही. पुढे काही वर्षं बरोब्बर उलटं सांगत होतो: उंच पोराला वीस वर्षांचा होईपर्यंत हात लावू नका. तुमच्यापैकी जुन्यांना दोन्ही मतं आठवतात आणि तुम्ही ती एकमेकांसमोर आणून ठेवता. ठेवा. आज मला दोन्ही पटत नाहीत.

कारण दुसऱ्या मतालाही भोकं आहेत. हॉथॉर्नने 2004 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या पिकला जॅरिड रफहेड आणि पाचव्याला लान्स फ्रँकलिन घेतला. दोघं 2005 पासून खेळले, तेही कमकुवत संघात. 2008 मध्ये फ्रँकलिनचे 113 गोल आणि वर प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद. मी म्हणतो, दोघं होते म्हणून बचाव वाटला गेला. तुम्ही म्हणाल, तुमच्या सोयीचं बोलता. असेलही. जोएल सेलवुड 2007 मध्ये जिलाँगकडून पहिल्याच वर्षी प्रीमियरशिप खेळला. निक डेकॉस 2022 मध्ये पहिल्या फेरीपासून मैदानात, रायझिंग स्टार, म्हणजे उत्तम नवोदिताचा किताब, त्याचाच. हे दोघे मिडफिल्डचे, उंच फॉरवर्ड नव्हेत, आणि बरी माणसं भोवती होती, असं मी म्हणू शकतो, म्हणतोही. पण प्रत्येक उदाहरणाला एक "पण" जोडावा लागला की मत डगमगतंय हे मलाही कळतं.

आपल्याकडेच वाढलेल्या पेट्राकाचं बघा. 2014 चा दुसरा पिक. 2015 च्या सुरुवातीला गुडघ्याचा लिगामेंट गेला, अख्खा मोसम बाहेर. तेव्हा आपण सगळे कपाळाला हात लावून बसलो होतो. 2021 च्या फायनलमध्ये सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक त्याला. सक्तीची विश्रांती फळली? की तो कसाही तिथे पोचलाच असता? गुडघा मोडल्याचा फायदा झाला, असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आणि वॉट्सला जे झालं ते एका टॅकलने झालं असं म्हणणंही खोटं. आपल्याकडे असताना त्याने चार प्रशिक्षक पाहिले, हंगामी धरले तर सहा. एकाने फॉरवर्ड म्हणून उभा केला, एकाने बचावात पाठवला, पुन्हा पुढे आणला. त्याच्यानंतरच्या वर्षी पहिला आणि दुसरा असे दोन्ही पिक आपलेच होते, टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह. स्कली दोन मोसमांत सिडनीच्या नव्या जायंट्सकडे गेला. ट्रेंगोव्हला विशीतच सहकर्णधार केला, मग पायाच्या हाडाने दगा दिला. ते पिक हाती लागावेत म्हणून 2009 मध्ये काय काय चाललं याची चौकशी झाली, 2013 मध्ये क्लबला 5 लाख डॉलर दंड बसला. मुद्दाम हरल्याचा ठपका मात्र ठेवला नाही. अशा घरात तीन पोरं वाढायला दिली आणि आपण पोरांची कुंडली बघत बसलो.

नायटानुईला घ्यायला हवं होतं, हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नका. तो फार मोठा खेळाडू झाला, 213 सामने. पण गुडघ्यांनी त्याचे मोसम खाल्ले, 2018 ची वेस्ट कोस्टची प्रीमियरशिप त्याने बाहेर बसून पाहिली. वॉट्स 174 सामने खेळला, त्यातले 153 आपल्याकडे. फुकट गेलेल्या माणसाचे 153 सामने. 2017 च्या त्याच राणीच्या सुट्टीला, त्याच मैदानावर, त्याच कॉलिंगवुडविरुद्ध शेवटच्या मिनिटांत विजयाचा गोल त्यानेच मारला. आपण चार गुणांनी जिंकलो. तेव्हा स्टँडमध्ये नाचणारे तुम्हीच होतात. चार महिन्यांनी क्लबने त्याला 31 व्या पिकच्या बदल्यात पोर्ट अ‍ॅडलेडला दिलं. 2019 मध्ये पाय मोडला आणि 28 व्या वर्षी तो निवृत्त झाला.

त्या 31 व्या पिकवर आपण बेली फ्रिचला घेतलं. आधीच्या ड्राफ्टमध्ये कोणी न विचारलेला, वीस वर्षांचा, केसीला बाप्यांत खेळून आलेला. 2021 च्या फायनलमध्ये त्याचे सहा गोल. आपला विजेतेपदाचा 57 वर्षांचा दुष्काळ संपला तेव्हा वॉट्स कुठेच नव्हता, आणि होताही. याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून जमलेलं नाही.

राहिला तुमचा प्रश्न. कधी खेळणार ते मला माहीत नाही, पण तयार आहे का हे बघायचं असेल तर क्लिपा बंद करा आणि क्रॅनबर्नला केसी फील्ड्सवर जा. जाकीट घ्या, तिथला वारा मे महिन्यात हाडांत शिरतो. तो वाराच तुमचा परीक्षक. किक मारताना पाय बघू नका, हात बघा. चेंडू मांडीच्या जवळून, लेस पुढे ठेवून सोडला तर वाऱ्याला हात घालायला जागा मिळत नाही. छातीच्या उंचीवरून सोडला तर चेंडू पायाला लागेपर्यंत वाकडा झालेला असतो. अठरा वर्षांखालच्या सामन्यांत हे खपतं, कारण वेळ मिळतो. वर मिळत नाही, मग घाईत हात आणखी वर जातो.

उंच असेल तर जमिनीवरचा चेंडू बघा. गुडघ्याखालचा चेंडू तो एका हालचालीत उचलतो की दोन? दोन लागत असतील तर टॅकल आलाच. मार्क सुटल्यावर तीन सेकंद त्याच्यावरच नजर ठेवा, बाकी सगळे चेंडूमागे बघत असतात तेव्हा. दुसरा प्रयत्न करतो का? बचाववाला चेंडू घेऊन निघाला की मागे लागतो का? मिडफिल्डचा पोरगा बचावात, हाफ-बॅकला, उभा दिसला तर "जागा चुकली" म्हणून बोंबलू नका. तिथे खेळ समोर दिसतो, डोळे मिटून वळावं लागत नाही, म्हणून मुद्दाम ठेवतात.

अंगाचंही सांगतो. एका प्री-सीझनमध्ये तीन-चार किलो चढले तर ठीक, त्याहून घाईने चढवलं की पळणं जातं. आणि "कंबर जरा धरलीय" अशी बातमी आली तर हसण्यावारी नेऊ नका. उंच, अजून वाढणारी मुलं दिवसाला ढिगाने लांब किक मारतात. दर किकला पाठ मागे वाकते आणि पिळते, त्याच एका बाजूला. मणक्याच्या हाडाला बारीक तडा जातो. सुरुवातीला नुसतं दुखतं, पोरगं सांगत नाही कारण जागा जाईल. मग एमआरआय, मग काही महिने किक बंद. त्या वेळी तुम्ही "नाजूक आहे" म्हणता. तो नाजूक नसतो, त्याचं हाड अजून पिकलेलं नसतं.

आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर त्याला बाकावर बसवला तर तिथूनच मला मेसेज टाकू नका. त्याची मिनिटं सामन्याआधीच ठरलेली असतात.