पडद्यामागची भिंत

गेल्या डिसेंबरात आमच्या गावातल्या सभागृहात समूहगानाची रंगीत तालीम होती. वृंदाच्या संचालिका रंगमंचाच्या मधोमध उभ्या राहिल्या, त्यांनी एकच टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकले. टाळी वाजली आणि तिथेच संपली. तिच्यामागे काहीही उरले नाही. त्यांनी वळून मागच्या काळ्या मखमली पडद्याकडे पाहिले आणि मला विचारले, ‘‘बाय, हो पडदो काडूंक जाता?’’ (बाई, हा पडदा काढता येईल का?)

तो पडदा चार वर्षांपूर्वी मीच समितीच्या मागे लागून बसवून घेतला होता. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी या सभागृहात आम्ही चित्रपट दाखवतो आणि त्याची व्यवस्था माझ्याकडे असते. पडदा नव्हता तेव्हा संवाद मागच्या भिंतीवर आपटून परत येत आणि चौथ्या रांगेच्या पुढे कोणालाही वाक्य धड कळत नसे. जो पडदा माझ्यासाठी मोठी कमाई होती, तोच या अठरा गाणाऱ्यांचा आवाज गिळत होता. दोघींचेही म्हणणे खरे होते, आणि सभागृह एकच होते.

आमचे गाव दक्षिण गोव्यातले, तालुक्याचे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६१च्या सुमारास देशात अनेक ठिकाणी त्यांच्या नावाची नाट्यगृहे उभी राहिली. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, त्यामुळे आमच्याकडे तो काळ वेगळ्याच धामधुमीचा होता. मडगाव, कुडचडे, साखळी येथली रवींद्र भवने पुढे पुष्कळ वर्षांनी झाली. आमचे सभागृह त्यांच्यापेक्षा बरेच लहान, जेमतेम तीनशे खुर्च्यांचे आहे. तिथे मराठी नाटक होते, तियात्र हे कोकणी नाट्य होते, शाळांची स्नेहसंमेलने होतात आणि सत्कार तर वर्षभर चालूच असतात. सत्काराला कसलेही सभागृह चालते. ध्वनिवर्धक मोठा केला की काम भागते. चित्रपट आणि समूहगान हे दोनच कार्यक्रम असे आहेत, ज्यांना सभागृहाकडून स्वतःचे असे काहीतरी हवे असते, आणि दोघांना हवे असते ते नेमके एकमेकांच्या उलट.

आवाज बंद झाल्यावरही खोलीत काही काळ रेंगाळतो, त्याला आपल्या शाळेच्या पुस्तकांत निनाद म्हणतात. त्याचे गणित पहिल्यांदा मांडले ते वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही आणि शिक्षक काय बोलतात ते विद्यार्थ्यांना कळत नसे, म्हणून १८९५ साली हे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या व्याख्यानगृहात थोड्या थोड्या मांडत गेले, ऑर्गनची नळी वाजवून ती बंद केल्यावर आवाज किती वेळात विरतो ते मोजले आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. किती गाद्यांनी किती निनाद कमी होतो, हे त्यांनी असे रात्रीमागून रात्री जागून शोधले. मला ही हकिकत फार जवळची वाटते, कारण लहान सभागृह सांभाळणाऱ्या माणसाचे काम आजही त्याच जातीचे आहे. कापड, गादी, लाकूड, काच, माणसे आणि मोकळी भिंत यांची मांडणी बदलत राहायचे आणि ऐकत राहायचे.

चित्रपटाला कोरडी खोली लागते, कारण चित्रपटाचा निनाद ध्वनिपट्टीवर आधीच नोंदलेला असतो. पडद्यावर देऊळ असेल तर देवळाचा घुमार त्यात आहे, विहीर असेल तर विहिरीचा आहे. त्यात आमच्या सभागृहाने आपला घुमार मिसळला की सगळ्या जागा एकसारख्या ऐकू येऊ लागतात आणि संवादांचा चिखल होतो. समूहगानाचे याच्या उलट आहे. ते जिथे वाढले त्या चर्चच्या इमारती चिऱ्याच्या, चुन्याचा गिलावा केलेल्या, उंच छताच्या आणि आतून बऱ्याचशा मोकळ्या आहेत. तिथे एका गटाने सोडलेला स्वर विरण्याआधी दुसऱ्याचा स्वर येऊन त्याच्यावर बसतो आणि अठरा गळ्यांचा एक आवाज होतो. आमच्या रंगमंचावर त्या दिवशी अठरा माणसे अठरा ठिकाणांहून गात होती, आणि प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटत होते.

चित्रपटांविषयी मला जे थोडेफार कळते, ते पुण्यातल्या उन्हाळी रसास्वाद वर्गामुळे. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात मी पहिल्यांदा जुना चित्रपट त्याच्या मूळ चौकटीत पाहिला. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातली चौकट जवळजवळ चौकोनी असते आणि आजचा पडदा आडवा पसरट असतो. आमच्याकडे पूर्वी कोणीतरी यंत्राचे बटण दाबून ते चित्र पडदाभर ताणून देत असे, त्यामुळे माणसे बुटकी दिसत, चेहरे रुंद होत आणि चंद्र लंबगोल उगवे. परत आल्यावर मी दोन काळ्या कापडी पट्ट्या शिवून घेतल्या. चौकोनी चित्र असले की त्या पडद्याच्या दोन्ही कडांना सोडतो आणि चित्र आपल्या मापात, काठ धरून उभे राहते. पहिल्या वेळी प्रेक्षकांना काय बदलले ते सांगता आले नाही, पण मध्यंतरात चुळबुळ कमी होती, हे माझ्या लक्षात आले.

आपल्या देशातली फिल्म सोसायटीची चळवळ मोठ्या शहरांत रुजली. कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी सुरुवात केली, १९५९ साली अशा संस्थांचा महासंघ झाला, १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. गोव्यात २००४पासून दर वर्षी आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, परंतु तो मुख्यतः पणजीत असतो, आणि रात्रीच्या शेवटच्या खेळानंतर आमच्या गावाला परतायला बस नसते. म्हणूनच गावातल्या गावात महिन्यातून एक संध्याकाळ असणे मला अगत्याचे वाटते. परवानगीचा पत्रव्यवहार करावा लागतो, कारण विकत घेतलेल्या तबकडीबरोबर ती चारचौघांना दाखवण्याचा हक्क मिळत नाही. पण बहुतेक निर्माते लहान गावाचे पत्र पाहून वाजवी रक्कम सांगतात. साठ-सत्तर माणसे येतात. पावसाळ्यात ती वाढतात, कारण त्या दिवसांत दुसरे काही नसते. समूहगान मात्र पावसाळ्यात ठेवता येत नाही. आमच्या छपराला पत्रा आहे, आणि त्यावर पावसाची एक जोरदार सर आली की हळू आवाजातली सगळी गाणी वाहून जातात.

आता खरी अडचण सांगते. माझे चित्रपटाचे प्रेक्षक समूहगानाला येत नसत. ‘ते त्यांचे चर्चचे गाणे’ असे कोणी उघड म्हणत नसे, पण मनात तेच असे. त्याहून खोल कारण कानाचे होते. आम्ही भजनावर वाढलेली माणसे. भजनात एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे तीच ओळ त्याच चालीत उचलतात. गोडी त्या एकवटण्यात असते. समूहगानात सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचे उंच आवाज, एक चाल गातात, आल्टो हे स्त्रियांचे खालचे आवाज त्याखाली दुसरी, टेनर आणि बास हे पुरुषांचे उंच व खालचे आवाज आणखी वेगळी, आणि चौघांचे मिळून जे उभे राहते ते त्यांपैकी कोणाही एकाच्या चालीत नसते. भजनाच्या कानाने ऐकणारा माणूस त्यात मुख्य चाल शोधत बसतो आणि उरलेले तीन आवाज त्याला गर्दी वाटते. मलाही पहिली दोन वर्षे तसेच वाटत होते.

तो कान उघडायला मला चित्रपटच उपयोगी पडला. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. त्यांतल्या अनेकांचे पहिले शिक्षण गावच्या चर्चच्या शाळेत, मेस्ताच्या, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकाच्या, हाताखाली झाले होते; तिथे स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन वाजवायला आणि वृंदात गायला शिकवीत. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) आणि शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबास्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. संगीतकाराने चाल दिली की तिच्याखाली कोणत्या वाद्याने कोणता स्वर धरायचा, व्हायोलिनांनी कुठे तिला छेद द्यायचा, हे हे लोक कागदावर उतरवीत. म्हणजे ज्या गाण्यांवर माझे प्रेक्षक लहानाचे मोठे झाले, त्यांत एकाच वेळी अनेक चाली चालण्याचे हे शास्त्र भरून राहिलेले होते. त्यांनी ते पन्नास वर्षे ऐकले होते, फक्त त्याकडे लक्ष दिले नव्हते.

म्हणून डिसेंबरच्या चित्रपटाआधी मी वीस मिनिटे मागून घेतली आणि संचालिकांना बोलावले. त्या चार जणांना घेऊन आल्या. त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाजवळ धरला, स्वर गुणगुणून दाखवला, आणि चौघांना एकेक करून गायला लावले. बास गाणाऱ्याने ‘सा’ धरला. टेनरने ‘प’ लावला. आल्टो ‘ग’वर आली, तेव्हा खोलीतला आवाज एकदम उजळल्यासारखा झाला. मग त्यांनी आल्टोला तो ‘ग’ कोमल करायला सांगितला, बाकी तिघे तसेच ठेवले. आणि पुढच्या रांगेतल्या एका आजींनी नकळत हात छातीवर नेला. एकच स्वर अर्ध्याने खाली आला होता. त्या वीस मिनिटांत मी भाषणाने काहीही समजावले नाही, आणि समजावायला हवे होते असेही मला वाटत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आम्ही तिघांनी शिडी लावून पडदा उतरवला. मागे जुनी, साधी, पांढरी भिंत होती. पुन्हा टाळी वाजवली आणि या वेळी ती थोडी लांबली. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना नाटकाच्या सामानातले लाकडी फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या उभ्या फळ्या, तिरके उभे केले, गाणाऱ्यांना अर्धवर्तुळात मागच्या भिंतीजवळ नेले आणि ध्वनिवर्धक पूर्ण बंद ठेवला. वातानुकूलन यंत्रही बंद ठेवावे लागले, कारण त्याची घरघर नेमकी बासच्या खालच्या स्वरांवर येत होती. टेनर दोनच होते. लहान वृंदांना ही चणचण नेहमीच असते, म्हणून त्या दोघांना पुढे मध्यभागी आणले.

शेवटी मांडो होते. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या घरांतून एकोणिसाव्या शतकात बहरलेला हा कोकणी गाण्यांचा प्रकार बहुधा दोन आवाजांत, तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने बरोबर चालणाऱ्या चालींत गातात, आणि सोबतीला व्हायोलिन व घुमट असते. गणेशचतुर्थीच्या आरत्यांना आमच्या घरी जे घुमट वाजते तेच हे. मातीच्या या भांड्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यावर बंदी आली, आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. त्या दुपारच्या तालमीत उघड्या भिंतीमुळे ते इतके दणाणू लागले की गाणे त्याखाली बुडाले, तेव्हा वाजवणाऱ्याला रंगमंचाखाली, पहिल्या रांगेच्या कडेला बसवले. तिथून ते बरोबर मापात आले. त्याच्या शेजारी माझे नेहमीचे चित्रपटवाले प्रेक्षक बसले होते. मी मोजले, चौतीस जण होते. मांडो संपून दुलपद हे जलद गाणे सुरू झाले आणि लय वाढली, तेव्हा आरतीला टाळ धरणारे दोन हात आपोआप मांडीवर ताल देऊ लागले.

पडदा आता रुळावर आहे. समितीने फेब्रुवारीत त्याचा खर्च मंजूर केला आणि गावातल्याच लोहाराने रूळ बसवून दिला. गाण्याच्या दिवशी तो दोन्ही बाजूंना विंगांत सारतो, चित्रपटाच्या दिवशी पुन्हा ओढतो. टेनरची जागा भरायला आमच्या चित्रपटवाल्यांतला एक तरुण तालमींना जाऊ लागला आहे. भजनी मंडळात तो पेटी वाजवतो, आणि पहिल्या दोन तालमींत शेजारच्याच्या चालीवर घसरत होता. येत्या शनिवारी चौकोनी चित्राचा चित्रपट आहे, तेव्हा पट्ट्या इस्त्री करून ठेवायच्या आहेत.