आडनाव आधी : माझ्या एमडी-पीएचडीच्या अर्जाचं रडगाणं

गेल्या दोन महिन्यांत पाच जणांनी तरी मला विचारलंय, "ताई, जीपीए ३.७ आहे, एमकॅट ५१२, एमडी-पीएचडीला चान्स आहे का?" (जीपीए म्हणजे कॉलेजचे चारपैकी सरासरी गुण, एमकॅट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा.) मी उलट विचारते, "तुझ्या सगळ्या कॉलेजांच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकांवर, तुझं नाव कसं छापलंय?" पोरांना वाटतं ताई टाळतेय. टाळत नाही हो. माझा अख्खा उन्हाळा त्या एका प्रश्नात गेलाय.

तरी चान्सचं आधी सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणी वाचणार नाही. डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करायचे अमेरिकेतले हे प्रोग्राम साधारण आठ वर्षांचे असतात. दोन वर्षं मेडिकल स्कूल, मग चारेक वर्षं लॅब, मग परत वॉर्ड. त्यातल्या पन्नासहून जास्त प्रोग्रामना एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा पैसा मिळतो. १९६४ पासूनची ही योजना, तिला एमएसटीपी म्हणतात. फी माफ, वर स्टायपेंड. देशभरात मिळून वर्षाला सातशेच्या आसपास मुलं लागतात, आणि लागलेल्यांची सरासरी बघितली तर एमकॅट ५१६ च्या आणि जीपीए ३.८ च्या आसपास. माझे आकडे ५१३ आणि ३.७४. म्हणजे सरासरीच्या खाली, आणि तरी मी लागले. हे वाचून ज्यांना हायसं वाटलं त्यांनी लगेच हुरळून जाऊ नये. माझ्याकडे लॅबचे साडेतीन हजार तास होते आणि ज्यांच्या हाताखाली ते काढले त्या दोघांची पत्रं होती.

आणखी एक, जे आपल्या मुलांना फार उशिरा कळतं. एनआयएचच्या त्या ट्रेनिंग ग्रँटमधून पैसे फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना देता येतात. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर काही ठिकाणी स्वतःच्या निधीतून घेतात, बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. मेडिकल शाळांची यादी करायच्या आधी एकेका प्रोग्रामच्या पानावर हे बघा. माझं नशीब की अमेरिकेतल्या मामाने २००४ साली आईसाठी ग्रीन कार्डचा अर्ज टाकला होता. भावंडांच्या रांगेत आमचा नंबर लागला २०१९ ला. माझी बारावी नागपुरात नुकतीच झाली होती. मामा अजून ऐकवतो, "तिथेच एमबीबीएसला बसली असतीस तर आत्तापर्यंत इंटर्नशिप पण उरकली असती." हिशोब बरोबर आहे त्याचा.

इथे आल्यावर दोन वर्षं घराजवळचं कम्युनिटी कॉलेज, कारण फी परवडणारी होती. मग स्टेट युनिव्हर्सिटी, मग वर्षभर सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणाऱ्या लॅबमध्ये नोकरी. एमकॅट, निबंध, पत्रं यांत वेळ गेला पण अडलं काही नाही. अडलं ते त्या कम्युनिटी कॉलेजपाशी.

होतं असं. बहुतेक शाळांसाठी एमडीचा अर्ज एएमकॅस नावाच्या एकाच ऑनलाइन ठिकाणी भरायचा. अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि महिनाअखेरीपासून जमा करता येतो. अमेरिकेत जिथे जिथे एक तरी विषय घेतला असेल तिथलं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट एएमकॅसला पोचलं पाहिजे. सगळी ट्रान्सक्रिप्टं आली आणि अर्जही जमा झाला की मगच तुम्ही पडताळणीच्या रांगेत उभे राहता. एक जरी राहिलं तरी रांगच नाही. आणि जूनमध्ये ती रांग दिवसागणिक वाढत जाते.

मी मेच्या शेवटी, पहिल्याच दिवशी सकाळी अर्ज जमा केला. युनिव्हर्सिटीचं ट्रान्सक्रिप्ट आधीच 'मिळालं' दाखवत होतं. कम्युनिटी कॉलेजचं मी १३ मेला ऑनलाइन मागवलं होतं. त्यांच्याकडे दिसत होतं 'पाठवलं', इकडे दिसत होतं 'मिळालं नाही'. एक आठवडा गेला. दुसरा गेला. आई रोज रात्री विचारायची, "काहून नाही आलं अजून?"

१० जूनला एएमकॅसला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की त्या कॉलेजकडून तुमच्या नावाचं काहीच आलेलं नाही. मी कॉलेजच्या पोर्टलवरून माझी प्रत उघडली आणि पहिल्यांदाच नीट बघितली. 'फर्स्ट नेम' समोर माझं आडनाव. 'मिडल नेम' समोर माझं नाव. 'लास्ट नेम' समोर बाबांचं नाव. त्यांच्या लेखी मी बाबांच्या नावाच्या घराण्यातली, आडनाव हेच जिचं पाळण्यातलं नाव, अशी कुणीतरी मुलगी होते. दोन वर्षं त्या कॉलेजात शिकले, ईमेल आयडीसुद्धा तसाच उलटा होता, पण कधी डोक्यात आलं नाही. आपल्याला शाळेपासून आडनाव आधी लिहायची सवय. उलटं दिसलं तरी ते सुलटच वाटतं.

आता चूक करू नका, मी केली. त्याच दिवशी मी पोर्टलवर 'नाव बदल' असा अर्ज टाकला. वाटलं, मूळ रोगच बरा करू. त्या अर्जाने काय झालं? माझ्या रेकॉर्डवर 'होल्ड' बसला. ओळख पटेपर्यंत रेकॉर्डमधून काहीही बाहेर जाणार नाही, ट्रान्सक्रिप्टसुद्धा नाही. आणि नाव बदलायला कागद कोणते? लग्नाचा दाखला किंवा कोर्टाची ऑर्डर. माझं ना लग्न झालं होतं, ना नाव बदललं होतं.

ईमेल केला, तिकीट नंबर आला. उत्तर आलं नऊ दिवसांनी, तेही "सोबतच्या यादीतले कागद जोडा" एवढंच. उन्हाळ्याचं वेळापत्रक म्हणून शुक्रवारी ऑफिस बंद. लॅबमधून सुट्टी काढून मी सोमवारी गेले. मशीनमधून नंबर घ्यायचा आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं. माझ्यापुढे तेवीस जण. खिडकीतल्या मुलाला पासपोर्ट दाखवला, ग्रीन कार्ड दाखवलं. तो म्हणाला, "हे तुमचं आत्ताचं नाव. पण तुम्ही प्रवेश घेतलात तेव्हाच्या कागदावर वेगळं आहे." आणि त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझी बारावीची मार्कशीट. उमेदवाराचं पूर्ण नाव, आणि त्याच्या शेजारी कंसात इंग्रजीत छापलेलं 'सरनेम फर्स्ट'. पोराने त्या 'फर्स्ट'वर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय की, फर्स्ट."

मी त्याला समजावलं की याचा अर्थ आडनाव आधी लिहिलंय एवढाच. त्याने मान डोलावली, आणि कोर्टाची ऑर्डर मागितली.

अशा तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत सांगितलं की मॅनेजर सुट्टीवर आहेत. तिसऱ्या फेरीला माझा नंबर यायच्या आत चार वाजले आणि खिडकी बंद झाली. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, आणि मग गाडीतूनच मामाला फोन करून भांडले, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. तोवर जुलै उजाडला होता. माझ्याबरोबर अर्ज केलेल्या लॅबमधल्या मुलाचे शाळांनी पुढे मागितलेले दुसऱ्या टप्प्यातले निबंधही लिहून होत आले होते. तो बिचारा माझ्यासमोर त्याबद्दल बोलायचं टाळायचा. त्याचा जास्त राग यायचा.

चौथ्या वेळी, जुलैच्या मध्यावर, खिडकीत एक वयस्क बाई होत्या. मार्कशीट, पासपोर्ट, ग्रीन कार्ड, तिन्ही शेजारी शेजारी मांडून त्यांनी प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने बारीक टिंब केलं. आडनाव इथे, आडनाव तिथे. मग हसल्या. त्यांची आई पोर्तो रिकोची, दोन आडनावं लावणारी. आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या ऑफिसने त्यातलं एक खाल्लेलं. "तू चुकीचा फॉर्म भरलायस," त्या म्हणाल्या. "तुझं नाव बदललेलं नाही. आमचं टाइप करताना चुकलंय. त्याचा फॉर्म वेगळा आहे." एक पान. त्याला कोर्ट लागत नाही, पासपोर्ट पुरतो. जुना अर्ज रद्द, नवा भरला, दुसऱ्या दिवशी होल्ड उठला. पाच आठवडे जे अडलं होतं ते एका शब्दामुळे: 'बदल' नाही, 'दुरुस्ती'.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. ट्रान्सक्रिप्ट पुन्हा मागवताना त्या बाईंनी विचारलं, "ट्रान्सक्रिप्ट आयडी?" कसला आयडी? एएमकॅसच्या अर्जात प्रत्येक कॉलेजसाठी एक विनंती फॉर्म तयार होतो आणि त्यावर आयडी असतो. तो जोडला की कागद नेमका तुमच्या अर्जाला चिकटतो. मेमध्ये पोर्टलवर तो रकाना होता. सक्तीचा नव्हता, म्हणून मी मोकळा सोडला होता. म्हणजे १० जूनला नाव तसंच उलटं ठेवून, नुसता आयडी घालून पुन्हा पाठवलं असतं तरी बहुधा दोन दिवसांत काम झालं असतं. आणि अर्जात 'इतर नावं' आणि 'इतर आयडी' असे दोन रकानेही आहेत. तिथे उलटं नाव आणि कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक लिहायचा असतो. तेही मी "आपलं काय दुसरं नाव" म्हणून पुढे ढकललं होतं. अजूनही आठवलं की कपाळावर हात मारते.

२३ जुलैला 'मिळालं' दिसलं. पडताळणीला आणखी चार आठवडे लागले. बऱ्याच शाळा मुलाखती टप्प्याटप्प्याने देत जातात, त्यामुळे उशिराचा फटका नक्की बसला. किती बसला हे मला कुणी सांगणार नाही. चौदा ठिकाणी अर्ज, तीन मुलाखती, एक वेटिंग लिस्ट, एक नकार, एक होकार.

निबंधांचं राहिलंच. नेहमीचं मनोगत असतंच, त्यावर एमडी-पीएचडीवाल्यांना दोन जादा: 'दोन्ही पदव्या का' तीन हजार अक्षरांत, आणि संशोधनाचा अनुभव दहा हजार अक्षरांत. शब्द नव्हे, अक्षरं, मधल्या मोकळ्या जागांसकट. दुसऱ्या निबंधात लॅबने काय शोधलं ते लिहू नका, तुम्ही काय केलंत ते लिहा. माझा पहिला मसुदा वाचून आमच्या सरांनी समासात एकच शब्द लिहिला होता, "तू?" मुलाखतीतही तेच. अर्धा-अर्धा तास एकेक प्राध्यापक, आणि एकीने माझ्या एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायच्या तपासणीच्या) आलेखावर बोट ठेवून विचारलं की गर्भातल्या हिमोग्लोबिनचं हे शिखर पेशी मरत होत्या म्हणून वाढलंय का, हे तू कसं तपासलंस? मी तपासलं होतं, कारण मागच्या वर्षी सरांनी त्याच प्रश्नावर मला दोन महिने राबवलं होतं. त्या दिवशी त्यांचे सगळे टोमणे माफ केले.

'का' विचारलं तेव्हा मी शाळेतल्या मैत्रिणीचं सांगितलं. विदर्भात सिकल सेल किती घरांत आहे हे तिकडच्यांना वेगळं सांगायला नको. ती पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस गायब असायची आणि परत आली की तिची वही मी लिहून द्यायचे, कारण तिची बोटं सुजलेली असायची. डिसेंबर २०२३ मध्ये याच आजारावरच्या क्रिस्पर, म्हणजे जनुकांत बदल करायच्या, उपचाराला इथे मंजुरी मिळाली, किंमत वीस लाख डॉलरच्या वर. नागपूरच्या त्या बाकापर्यंत तो पोचायचा असेल तर लॅबही लागेल आणि वॉर्डही. याहून मोठं भाषण मी दिलं नाही.

अरे हो, पैशाचं. उत्पन्न कमी असेल तर एएमकॅस चालवणाऱ्या एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची फी-सवलत असते, ग्रीन कार्डवाल्यांनाही. पण एमकॅटचे, अर्जाचे पैसे भरायच्या आधी मंजूर झाली पाहिजे. भरलेले परत मिळत नाहीत. आम्ही पात्र होतो. मला कळलं एमकॅटचे पैसे भरल्यावर. आणि यादी पक्की नसेल तर एकाच शाळेला अर्ज जमा करून पडताळणीच्या रांगेत लागा, बाकीच्या मागाहून जोडता येतात. ट्रान्सक्रिप्टची स्वतःची प्रत एप्रिलमध्येच काढून नाव वाचा. मोठ्याने वाचा.

होकार आला त्याच्या पुढच्या आठवड्यात नव्या युनिव्हर्सिटीची मेल आली: आजवरच्या सर्व संस्थांची अंतिम अधिकृत ट्रान्सक्रिप्टं पाठवा. मी कम्युनिटी कॉलेजचं पोर्टल उघडलं, नव्या युनिव्हर्सिटीने दिलेला आयडी कॉपी करून घातला, पुन्हा एकदा टाइप करून ताडून बघितला. अकरा मिनिटांत पोचलं. नाव सुलटं. मी तो स्क्रीनशॉट मामाला पाठवला, त्याने अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, "आडनाव शेवटी का टाकलंय?"