गवतातली नागअळी आणि नकाशावरचे ठिपके

रविवार, रात्र.

वेताळ टेकडीवर सकाळी मारवेलच्या पानांवर पांढऱ्या रेघा दिसल्या म्हणून ती पानं घरी आणली, आणि तेव्हापासून आईचं एकच, घरात गवत कशाला. या रेघा म्हणजे पानाच्या आत राहून खाणाऱ्या अळीची वाट. टोमॅटोवर नागअळी पडते ना, तिच्याच खानदानातली ही, अ‍ॅग्रोमायझिडी कुटुंबातल्या बारक्या माश्यांची. फक्त टोमॅटोच्या पानात रेघ कशीही वळवळत जाते, गवताच्या शिरा समांतर असल्यामुळे इथे अळी दोन शिरांच्या मधून सरळ खात सुटते. मादी अंडी घालायच्या नळीनं पान टोचते, वर तिथला रसही पिते. नराकडे टोचायला काही नाही, तो तिनं पाडलेल्या भोकांवरच भागवतो. हे वाचल्यापासून मला त्या नराबद्दल फार आपुलकी वाटते.

आता ही नक्की कुठली? गवत खाणाऱ्यांत सेरोडॉन्था आहे, अ‍ॅग्रोमायझा आहे, स्यूडोनॅपोमायझा आहे. या शेवटच्या वंशातली स्पायकाटा ही जात मका आणि उसाच्या पानांत सापडते. मॅलॉक या कीटकशास्त्रज्ञानं १९१४ मध्ये तैवानच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं तेव्हा तिला फायटोमायझा या वंशात टाकलं होतं, कारण हेंडेलनं स्यूडोनॅपोमायझा वंश काढला तोच मुळी १९२० मध्ये. वंश ओळखणं तसं जमतं, पंखाच्या शिरा बघायच्या आणि अँटेनाच्या तिसऱ्या भागाचा वरचा कोपरा टोकदार आहे का ते बघायचं. जात ठरवायला मात्र नर लागतो, त्याचं जननेंद्रिय काढून, साफ करून मायक्रोस्कोपखाली तपासायचं, त्यामुळे डबीत पाळलेल्या अळीची मादी माशी निघाली की बरेचदा कपाळावर हात. युरोपात याच वंशातल्या अ‍ॅट्रा या एका नावाखाली ठेवलेल्या काळ्या माश्यांतूनही असंच बघत बघत वेगवेगळ्या जाती निघाल्या. मग कुठली जात कुठे सापडली ते दाखवणाऱ्या जुन्या नकाशावरच्या ठिपक्यांचं काय करायचं सांगा!

ठिपक्यांवरून आठवलं. स्पायकाटाच्या नोंदी तैवान, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं अशा दिसतात आणि नकाशा बघून वाटतं हिला समुद्राचं वेड आहे की काय. पण स्पेन्सर या अभ्यासकानं १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या या अख्ख्या कुटुंबाचा आढावा घेतला, म्हणून तिकडचा नकाशा भरलेला. कुणी पानं उलटून बघितली तिथे ठिपका, बाकी कोरं. आपल्याकडे सिंग आणि आयप यांनी १९७३ मध्ये आग्र्याहून भारतातल्या जातींवर मोठं काम केलं, पण नंतर १९९० च्या सुमारास ट्रायफोलाय ही परदेशी नागअळी आली आणि भाजी-फुलांच्या नुकसानीमुळे सगळ्यांचं लक्ष तिच्यावर, जे बरोबरच आहे म्हणा, टेकडीवरच्या मारवेलसाठी कोण पैसे देणार.

मित्र म्हणतो फोटो टाक अ‍ॅपवर, नाव येईल. येईलही, पण नुसत्या रेघेवरून आलेलं जातीचं नाव मी तरी मानणार नाही.

अळी अजून जिवंत आहे, पानाखालून टॉर्च मारला की तोंडाचा काळा हुक इकडून तिकडे हलताना दिसतो. टिश्यू थोडासाच ओला ठेवलाय, जास्त झाला की बुरशी. नर निघाला तर आकुर्डीला झेडएसआयच्या (भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या) केंद्रात कुणाला तरी विचारीन म्हणतो. आणि माशीऐवजी परजीवी गांधीलमाशी निघाली, जे या अळ्यांच्या बाबतीत सर्रास होतं, तर पुढच्या रविवारी परत पानं आणायची.