बूट वर झाला की

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रोअनोकला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. तेवढ्यात नायगारा दोनदा झाला, ग्रँड कॅन्यन झाला, फ्लोरिडाही झालं. घरामागच्या डोंगरातून जाणारा ब्लू रिज पार्कवे मात्र ‘जाऊ की कधीतरी’मध्ये पडून होता. शेवटी गेलो, तेही आई साताऱ्याहून आली म्हणून. पाहुणा आल्याशिवाय आपण आपलं गाव बघत नाही. सज्जनगड तरी मी कितीदा चढलोय?

रस्ता 469 मैलांचा. ट्रकांना बंदी, वेग जास्तीत जास्त ताशी 45 मैल. समोर डोंगराच्या सात-आठ रांगा, आणि पुढचीपेक्षा मागची जास्त निळी.

“धुकं आहे की धूर?” आईने विचारलं.

मी वाचलेलं सांगून टाकलं. ओकसारखी झाडं उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात, त्यातून हवेत बारीक कण तयार होतात आणि त्यांनी ही निळाई दिसते.

“झाडांचा घाम म्हण की,” आई म्हणाली.

213व्या मैलाच्या दगडाशी ब्लू रिज म्युझिक सेंटर आहे. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार तिथल्या ओसरीवर गाणं-बजावणं चालतं, तिकीट नाही. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि माणसापेक्षा उंच बास. वाजवणारे बहुतेक साठीच्या पुढचे, टोप्या घातलेले, आपल्याकडे एकादशीला देवळात जमतात तसे.

या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. हे नाव गायक-वादक बिल मनरो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरून पडलं. डिसेंबर 1945मध्ये अर्ल स्क्रग्ज त्यात आले आणि तीन बोटांनी छेडलेल्या त्यांच्या बँजोने या संगीताला आजचा बाज दिला. म्हणजे डोंगराइतकं जुनं वाटणारं हे संगीत माझ्या आईपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठं! बँजोचं घराणं मात्र खूप जुनं. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांची भोपळ्याची वाद्यं हे त्याचे पूर्वज. भोपळा म्हटल्यावर आई सावरून बसली. बँजोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्येच. ती तार सतत एकाच वरच्या स्वरात टणटणत राहते. “सतारीची चिकारीच की,” आई म्हणाली. तिची सतार लग्नानंतर सुटली, कान सुटलेला नाही.

“पण तबलजी कुठाय?”

नव्हताच. मँडोलिनवाला तारा दाबून ‘चक्’ असा तुटक आघात देत होता, तोच ठेका. तो पडतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, लोकांच्या टाळ्याही तिथेच. आई मात्र समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर ठाम. सगळ्या ओसरीत तिची एकटीची टाळी वेगळी पडत होती. शेजारच्या आजी वळून हसल्या, आईही हसली, पण जागा सोडली नाही.

एकेक जण आळीपाळीने आपली करामत दाखवत होता, बाकीचे आवाज उतरवून त्याला वाट देत होते. तेवढ्यात गिटारवाल्याने एक पाय उचलून बूट पुढे धरला.

“मुंगी चावली वाटतं,” आई कुजबुजली.

आणि पाचही जण एकदम थांबले. मग मी सांगितलं, गाणं संपवायची ही त्यांची खूण. आई क्षणभर गप्प. पुढच्या गाण्याला तिने ना बँजो पाहिला ना डोंगर, नजर त्या बुटावरच. पाय उचलला गेला, तशी तिने टाळी आवरून धरली आणि बरोबर त्यांच्या शेवटच्या ठोक्यावर दिली.