कऱ्हाडची दोन खाती

सकाळी साडेनऊला फोन. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे मालक. "कऱ्हाडच्या गठ्ठ्यांवर तुमच्या सॉफ्टवेअरनं काय छापलंय, येऊन बघा की ओ. आमच्या घरात तेलुगु बोलतात, तरी आम्हाला कळतंय हे चुकलंय."

गेलो. गठ्ठे टेम्पोत चढत होते आणि प्रत्येक लेबलवर 'कर्हाड'. आडवा र गायब, 'ह'च्या डोक्यावर रफार. दिवाणजी काळा मार्कर घेऊन एकेक लेबल हातानं दुरुस्त करत होते. माझ्याकडं मान वर करून बघितलंही नाही.

माझा पहिला संशय फॉन्टवर. ॲप फ्लटरमध्ये लिहिलेलं, म्हणजे विंडोज आणि मोबाईल दोन्हीला कोड एकच. पण ऑफिसातल्या विंडोजवर निर्मला यूआय हा फॉन्ट दिसायचा आणि सेल्समनच्या अँड्रॉइडवर नोटो. महिन्यापूर्वीच मोबाईलवरच्या हिंदी वळणाच्या 'ल'वरून बोलणी खाल्ली होती. म्हटलं, कटकटच नको. एकच देवनागरी फॉन्ट ॲपच्या आत घातला, भाषा मराठी सांगितली, बिल्ड केलं. तासाभरात दोन्हीकडं अक्षरं तंतोतंत सारखी. लेबल काढलं. 'कर्हाड'. आता ते फक्त जास्त सुबक दिसत होतं.

तेव्हा दिवाणजी पहिल्यांदा बोलले. "ते कऱ्हाडचं खातं पण तसलंच आहे. इथं शोधलं की एक निघतं, सेल्समन पोराच्या मोबाईलवर शोधलं की दुसरं."

दोन्ही नावं स्क्रीनवर एकाखाली एक ठेवली. कुठंही फरक नाही. मग प्रत्येकाचे युनिकोड क्रमांक काढले, म्हणजे संगणक प्रत्येक चिन्ह ज्या नंबरानं ओळखतो ते. दिवाणजींचं कऱ्हाड सहा चिन्हांचं: क, ऱ, हलंत, ह, काना, ड. ते इनस्क्रिप्ट कीबोर्डवाले, शिफ्ट धरून J ची कळ दाबतात, की नुक्त्याचा ऱ (०९३१) येतो. मोबाईलवरचं कऱ्हाड सात चिन्हांचं: साधा र, हलंत, आणि ह च्या आधी एक न दिसणारा जोडक, २००डी. फॉन्ट दोन्हींना तोच आडवा र काढून देतो. डोळ्याला एक, डेटाबेसला दोन गावं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हेनं लिहिलं तर ते एकसारखं करणं, इथं कामाला येत नाही. र आणि सुटा नुक्ता असेल तर ते त्याचा ऱ करतं, पण जोडकवाला र त्याच्या हिशोबात वेगळाच.

आणि लेबल? तो प्रताप माझाच. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या जीएसटी नंबरात अदृश्य चिन्हं यायची, म्हणून मी एक फंक्शन लिहिलं होतं: न दिसणारं दिसलं की काढून टाक. लेबल छापण्याआधी सगळा मजकूर त्यातून जायचा. त्यात २००डी गेला, उरला र आणि हलंत, म्हणजे सरळ रफार. त्या फंक्शनचं नाव मी 'कचरा साफ' ठेवलं होतं. मालकांना ते दाखवलं नाही.

दुरुस्ती दहा ओळींची. सेव्ह करताना आणि शोधतानाही जोडकवाला र बदलून नुक्त्याचा ऱ करायचा. साफसफाई फक्त जीएसटी आणि फोन नंबरापुरती. मग दोन्ही खाती एकत्र केली.

मालक मागं उभे होते. मोबाईलवरच्या खात्यात बाकी शून्य दिसत होती, म्हणून सेल्समननं नवी ऑर्डर घेतली होती. जुन्या खात्यात ८६ हजार थकलेले. त्यांनी खिडकीतून आवाज दिला, "टेम्पो थांबव बे!" आणि कऱ्हाडला फोन लावला.

मी लॅपटॉप मिटायला गेलो तर म्हणाले, "थांबा जरा. असा र अजून कुठल्या गावात येतो?"

यादी चाळली. बऱ्हाणपूर. दोन खाती.

मालकांनी खुर्ची ओढली, दिवाणजींनी मार्करला टोपण लावलं.