प्रागच्या घड्याळात बाबांना भेटलेले पंचांग

मार्च २०२४ मध्ये आई-बाबा आमच्याकडे जर्मनीत न्यूरेंबर्गला राहायला आले, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग दाखवायचे हे मी मनाशी पक्के केले होते. न्यूरेंबर्गहून बसने साधारण चार तासांत प्रागला पोहोचता येते, उन्हाळ्यातली गर्दी अजून सुरू झालेली नसते, आणि दिवस नुकताच रात्रीच्या बरोबरीला आलेला असल्यामुळे संध्याकाळी सहा वाजेपर्यंत फिरण्यापुरता उजेड असतो. मार्चअखेरीस तिथे सकाळी हातमोजे लागतात आणि दुपारी उन्हात थोडे थांबले की कोटाची बटणे सोडावीशी वाटतात. झाडांना पाने फुटलेली नसतात, पण बागांच्या कुंपणांवर फोर्सिथियाची पिवळी फुले आधीच फुललेली असतात, आणि ती पाहून आईला पहिल्याच दिवशी आमच्या अंगणातल्या बहाव्याची आठवण झाली.

शुक्रवारी २२ तारखेला आम्ही पाचजण पोहोचलो. आई, बाबा, मी, माझे यजमान आणि नऊ वर्षांची लेक. मुक्कामाच्या जागी लिफ्ट आहे असे आरक्षणाच्या वेळी स्पष्ट लिहिलेले होते, प्रत्यक्षात ती बंद होती आणि खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. आईचे गुडघे दुखतात हे मी आधी कळवलेले असूनही कोणी दिलगिरीचा शब्द काढला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्यामुळे मी आखलेला भरगच्च कार्यक्रम पहिल्याच संध्याकाळी कापावा लागला. दिवसातून एकदाच खाली उतरायचे, जवळच्या जवळ फिरायचे आणि एकदाच वर चढायचे, असे ठरले. आमचा मुक्काम जुन्या शहराच्या चौकापासून पाच मिनिटांवर होता आणि त्या चौकातच प्रागचे ते प्रसिद्ध खगोलशास्त्रीय घड्याळ आहे.

प्रागला मी त्याआधी दोनदा जाऊन आले होते, आणि दोन्ही वेळा ते घड्याळ मी सगळे पाहतात तसेच पाहिले होते. तास भरत आला की जुन्या नगरपालिकेच्या मनोऱ्याखाली माणसे जमतात, सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकामागून एक दर्शन देऊन जातात, शेवटी कोंबडा आरवतो आणि मिनिटाभरात गर्दी पांगते. शुक्रवारी संध्याकाळीही तसेच झाले. गर्दी पांगली, आम्हीही वळलो, आणि पाहतो तर बाबा जागचे हललेले नव्हते. खिडक्या मिटल्या होत्या आणि ते खिडक्यांखालच्या तबकडीकडे मान वर करून टक लावून पाहत होते. मी जवळ गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अगं, हे घड्याळ नाही. हे पंचांग आहे."

बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. आमच्या आजोबांपासून घरात पंचांग पाहण्याची परंपरा आहे आणि वाईजवळच्या आमच्या गावात मुहूर्त विचारायला अजूनही लोक त्यांच्याकडे येतात. परदेशात आल्यापासून ते थोडे गप्प-गप्प असत. भाषा येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, बसमध्ये चढायचे तर मुलीच्या मागोमाग. त्या संध्याकाळी मात्र परक्या शहराच्या मधोमध त्यांना वाचता येईल असे काहीतरी भेटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही पुन्हा तिथे गेलो. शिष्यांची फेरी नऊ वाजता सुरू होते, म्हणून आठ वाजता त्या जागी जवळजवळ कोणीच नसते. मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील त्यांनी हीच वेळ साधावी, असे मी मनापासून सांगेन. त्या शांत तासाभरात बाबांनी नातीला ती तबकडी उलगडून दाखवली, आणि आम्हीही ऐकत उभे राहिलो.

तबकडीच्या मध्यभागी पृथ्वी आहे. वरचा निळा भाग म्हणजे दिवसाचे आकाश, खालचे काळे वर्तुळ म्हणजे रात्र, आणि दोहोंच्या मधला तांबूस पट्टा म्हणजे संधिकाल. त्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना लॅटिन शब्द लिहिलेले आहेत. मी ते अक्षर-अक्षर वाचून दाखवले आणि बाबा त्यांना आपले शब्द देत गेले. आउरोरा म्हणजे अरुणोदय, ऑर्टुस म्हणजे उदय, ऑकासुस म्हणजे अस्त, क्रेपुस्कुलुम म्हणजे संधिप्रकाश. काट्यावर सोन्याचा सूर्य आहे, तो पहाटे काळ्यातून तांबड्यात आणि तांबड्यातून निळ्यात येतो. दुसऱ्या काट्यावर चंद्राचा गोल आहे, अर्धा रुपेरी आणि अर्धा काळा, आणि तो स्वतःभोवती फिरून चंद्राची कला दाखवतो. या सगळ्यावरून राशींचे एक कडे फिरत असते.

वेळ तर एकाच तबकडीवर कितीतरी प्रकारांनी मोजलेली आहे. रोमन आकड्यांवर आपली नेहमीची वेळ. सर्वांत बाहेरच्या काळ्या कड्यावर जुनी बोहेमियन, म्हणजे या चेक प्रदेशाची वेळ, जिच्यात सूर्यास्ताला चोवीस तास पुरे होतात. सूर्यास्त रोज पुढे-मागे होतो, म्हणून ते कडेही वर्षभर थोडे-थोडे सरकत राहते. निळ्या भागातल्या सोनेरी वक्र रेषा पाहून मात्र बाबांचा आवाज चढला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे त्या बारा समान भाग करतात. उन्हाळ्यात भाग मोठे, हिवाळ्यात लहान. "ही तर आपली होरा," ते म्हणाले. वारांची नावे कोणत्या क्रमाने लागतात आणि तो क्रम या होरांवरून कसा निघतो, हे त्यांनी नातीला तिथेच बोटांवर मोजून दाखवले. आम्ही विषुवदिनाच्या दोन-तीन दिवस पुढेच होतो, दिवस-रात्र जवळजवळ समान होती, म्हणून या होरा आणि आपले साठ मिनिटांचे तास त्या सकाळी जवळपास एकमेकांशी जुळत होते. असे वर्षातून दोनदाच घडते.

मग लेकीने विचारले, "आजोबा, सूर्य कुठल्या राशीत आहे ते सांगा ना." कड्यावर राशींची चित्रे नाहीत, सोनेरी खुणा आहेत. सूर्य ज्या खुणेपाशी होता तिला मेंढ्यासारखी दोन वळलेली शिंगे होती, ती लेकीनेच ओळखली. मेष. बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. आपल्या पंचांगाप्रमाणे सूर्य मीन राशीत येऊन नऊ-दहाच दिवस झाले होते आणि मेषसंक्रांत १३ एप्रिलला होती. मग त्यांचा चेहरा उजळला. घड्याळ चुकलेले नव्हते, ते सायन होते. हे घड्याळ वसंतसंपात बिंदूपासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तिथपासून, राशी मोजते, आपली पंचांगे तारकांना धरून, म्हणजे निरयन पद्धतीने मोजतात. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो आणि आज या दोन मोजण्यांत सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. हेच अयनांश. घड्याळ बसवले तेव्हा, १४१० मध्ये, हे अंतर किती असेल याचा हिशोब त्यांनी डायरीच्या मागच्या पानावर केला. उत्तर आले सुमारे साडेपंधरा अंश. वर्गात शिकवताना फळ्यावर काढलेली आकृती आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यासमोर फिरते आहे, असे ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतके बोलणे मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

हे घड्याळ कादान गावच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने बनवले आणि त्यामागचे गणित प्रागच्या विद्यापीठातले प्राध्यापक यान शिंदेल यांचे असावे असे मानतात. शहराला मात्र दुसरीच दंतकथा प्रिय आहे. हानुश नावाच्या कारागिराने हे घड्याळ केले आणि त्याने दुसरीकडे असे घड्याळ करू नये म्हणून नगरशेटांनी त्याचे डोळे काढले, असे ती सांगते. लेकीला ती ऐकून रडू आले, आणि ती खरी नाही हे तिला दोनदा सांगावे लागले. मे १९४५ मध्ये, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, हा मनोरा पेटला आणि घड्याळाची मोठी हानी झाली. १९४८ मध्ये ते पुन्हा चालू झाले. २०१८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली.

आतल्या चक्रांचे गणित मी परत आल्यावर वाचून काढले आणि बाबांना सांगितले, कारण त्यांना त्याचीच सर्वांत जास्त उत्सुकता होती. एकाच आसावर तीन मोठी चक्रे, राशीचक्राला ३६५ दात, सूर्याच्या चक्राला ३६६ आणि चंद्राच्या चक्राला ३७९. तिन्हींना गती देणारी लहान चाके सारखीच आहेत, म्हणून दात जितके जास्त तितका फेरा सावकाश. राशी सूर्याच्या पुढे धावतात आणि चंद्र रोज मागे पडतो. ३७९ ला ३६६ ने भागून चोवीस तासांनी गुणले तर चोवीस तास एक्कावन्न मिनिटे येतात. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, ते इथे दातांत बसवले आहे. सहाशे वर्षांपूर्वी कोणीतरी हे लोखंडात कापले, या विचाराने आजही माझे मन भरून येते.

त्याच चौकात फरसबंदीत एक धातूची पट्टी बसवलेली आहे, तिच्यावरून हजारो पावले जातात. ती प्रागची मध्यान्हरेषा. चौकातल्या मेरीच्या स्तंभाची सावली या रेषेवर आली की शहराची दुपार. हा स्तंभ १६५० मध्ये उभारला, १९१८ मध्ये जमावाने पाडला आणि २०२० मध्ये त्याची प्रतिकृती त्याच जागी उभी राहिली. शनिवारी ऊन होते. बाबांनी घड्याळ हातात धरले, लेक सावलीच्या टोकाशी बसली, आणि सावली रेषेवर आली तेव्हा बारा वाजून आठ मिनिटे होऊन गेली होती. बाबांनी आदल्या रात्री काढलेला अंदाजही तेवढाच होता. आई बाकावर बसून हे सगळे पाहत होती. तिला त्या गणितात रस नव्हता, पण बाबांचा चेहरा ती पाहत होती.

चौकाच्या पलीकडे टीन चर्च आहे आणि तिथे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची समाधी आहे. तांबड्या संगमरवरात चिलखत घातलेली त्याची आकृती कोरलेली आहे. तो १५९९ मध्ये प्रागला आला आणि १६०१ मध्ये इथेच वारला. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, नुसत्या डोळ्यांनी त्याने घेतलेले मंगळाचे वेध योहानेस केप्लरच्या हाती आले, आणि त्यांच्याच आधाराने ग्रहांच्या कक्षा वर्तुळे नसून लंबवर्तुळे आहेत हे केप्लरने १६०९ मध्ये जगापुढे मांडले. केप्लर बारा वर्षे या शहरात राहिला. बाबांनी पस्तीस वर्षे केप्लरचे नियम मुलांना शिकवले. ते त्या दगडापुढे चप्पल काढून उभे राहावे तसे उभे राहिले, बूट मात्र थंडीमुळे काढू नका असे आईने आधीच बजावले होते.

किल्ला आम्ही २२ क्रमांकाच्या ट्रॅमने वर जाऊन बाहेरून पाहिला. कार्ल पुलावर मात्र दोनदा गेलो. चौथ्या कार्ल राजाने या पुलाचा पाया १३५७ साली जुलैच्या ९ तारखेला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी घातला, असे सांगतात. साल, तारीख, महिना आणि वेळ ओळीने लिहिले की १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ अशी मालिका होते. मुहूर्त पाहणाऱ्या बाबांना हे कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

रविवारी, २४ मार्चला, होळी होती. आईने न्यूरेंबर्गहूनच पुरणपोळ्या करून डब्यात आणल्या होत्या. चौकात ईस्टरची जत्रा भरलेली होती. रंगवलेली अंडी, विलोच्या कोवळ्या फांद्या, त्यांना बांधलेल्या रंगीत फिती. विलोच्या डहाळ्यांची वेणी घालून केलेली छडीही विकायला होती. ईस्टरच्या सोमवारी मुले ती घेऊन मुलींच्या मागे लागतात आणि त्यांना वर्षभर टवटवी राहावी म्हणून हलकेच मारतात, हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे यांचीही धुळवडच." अंड्याचे कवच हातात घ्यायला तिचे मन धजेना, म्हणून तिने लाकडाचे रंगवलेले अंडे निवडले.

ईस्टर कधी येतो, हे त्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून लेकीला सांगितले. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार. ती पौर्णिमा कधी फाल्गुनी असते, कधी चैत्री. त्या वर्षी ती फाल्गुनीच होती. ज्या चंद्राने आमची होळी आणली त्याच चंद्राने त्यांचा ३१ मार्चचा ईस्टर ठरवला होता.

संध्याकाळी सहानंतर आम्ही पुलावर गेलो. ढग होते, पण पूर्वेला जुन्या शहराच्या मनोऱ्यांवर ते मधूनच विरत होते आणि चंद्र दिसत होता. आईने डबा उघडून पोळीचा एक तुकडा कागदावर ठेवला, हात जोडले आणि मग तो सगळ्यांना वाटला. परतताना लेक आजोबांचा हात ओढत घड्याळाकडे घेऊन गेली. गोल पूर्ण रुपेरी होता. सूर्याचा काटा ज्या बाजूला, चंद्राचा बरोबर त्याच्या समोरच्या बाजूला, हे तिने आपणहून पाहिले आणि विचारले, "पौर्णिमेला ते नेहमी असेच समोरासमोर असतात का?" बाबा खाली बसले, डायरी मांडीवर घेतली आणि तिला वर्तुळ काढायला पेन्सिल दिली.