हर्णैचा काकण

आज हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव सोडून मी वरच बघत राहिले. होड्यांभोवती ब्राह्मणी घारी होत्याच, तांबूस अंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या. टाकलेली मासळी पाण्यावरून उचलून उडता उडताच खात होत्या. तेवढ्यात सुवर्णदुर्गाच्या बाजूने समुद्री गरुड आला. किनाऱ्यावर त्याला काकण म्हणतात. पंखांचा पसारा जवळपास २ मीटर, आखूड पाचरीसारखी शेपूट, पोट लख्ख पांढरं. आणि पायांत वळवळणारा समुद्रसाप! अंगावर काटाच आला.

काकणाचं घरटं म्हणजे उंच झाडावर रचलेला काटक्यांचा भलामोठा ढीग. जोडी तेच डागडुजी करून वर्षानुवर्षं वापरते. खाली माशांचे काटे, सापांचे मणके पडलेले दिसतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने किनाऱ्यावर फिरून या घरट्यांची नोंद केली, फार मोलाचं काम आहे ते.

आंब्याची, वडाची, सुरूची जुनी झाडं तोडताना वर कुणी बघतच नाही, याचा मला मनापासून त्रास होतो. प्लॉट पाडले की पहिली हीच झाडं जातात. तुमच्या बागेत काकणाचं घरटं असेल तर हिवाळ्यात त्या झाडाखाली गडबड करू नका, वर पिल्लं असतात. आणि झाड विकायचंच असेल तर आधी वनखात्याला कळवा.